भाषांतरात गाळलेले वाक्य

आईने त्या पोलिसाला दिलेले उत्तर दोन वाक्यांचे होते आणि त्यातल्या एकाच वाक्याचे मी भाषांतर केले. २०१७ सालचा जून महिना होता. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आई रोज संध्याकाळी न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीला दोन फेऱ्या मारत असे. त्या दिवशी ती अर्ध्या फेरीतच परतली. शेजारून हळू गेलेल्या एका मोटारीतून कोणीतरी काही ओरडले होते आणि सोड्याचा अर्धा भरलेला डबा तिच्या खांद्यावर फेकला होता. लागले फारसे नव्हते. पातळ मात्र चिकट झाले होते. मी पोलिसांना फोन केला. पंधरा मिनिटांत एक तरुण अधिकारी दारात आला. त्याने बूट पुसले, आईला वाकून नमस्कारासारखे काहीतरी केले आणि विचारले, "तो नेमके काय म्हणाला?"

आई म्हणाली, "शब्द नाही रे कळले बाबा. पण शिवी कळते."

मी इंग्रजीत सांगितले की शब्द तिला कळले नाहीत. दुसरे वाक्य मी का सांगितले नाही, याचे उत्तर अनेक वर्षे शोधूनही मला पुरते सापडलेले नाही. भात गॅसवर होता हे एक कारण. चार महिन्यांपूर्वीच कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचीभोटला या अभियंत्याला गोळ्या घातल्या गेल्या होत्या आणि त्यापुढे सोड्याच्या डब्याची तक्रार मला लाजिरवाणी वाटत होती, हे दुसरे. अधिकाऱ्याने मान डोलावली, हातातल्या फॉर्मवर काही खुणा केल्या आणि तो गेला. त्या फॉर्मवर एक चौकोन असतो. घटनेमागे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व अशा कशाबद्दलचा द्वेष असावा असे वाटते का, असा प्रश्न त्यापुढे छापलेला असतो. हे मला नंतर समजले. त्यानंतर या विषयावरचे कायदे आणि निकाल वाचण्याचे वेडच मला लागले.

अमेरिकेचा जो फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी ओळखला जातो, त्याच्या नावात दोन मृतांची नावे आहेत: मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड ज्युनियर. दोघेही १९९८ साली मारले गेले. ७ जूनच्या पहाटे टेक्ससमधल्या जॅस्पर गावाजवळ तीन गोऱ्या माणसांनी ४९ वर्षांच्या बर्ड यांना पिकअप ट्रकच्या मागे साखळीने बांधून सुमारे तीन मैल फरफटत नेले. बर्ड कृष्णवर्णीय होते, एवढाच त्यांचा अपराध. ऑक्टोबरमध्ये वायोमिंगमधल्या लॅरमी या विद्यापीठाच्या गावात २१ वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याला, म्हणजे शेपर्डला, दोघा तरुणांनी गावाबाहेर नेऊन मारले आणि लाकडी कुंपणाला बांधून थंडीत सोडून दिले. सुमारे अठरा तासांनी तिथून जाणाऱ्या एका सायकलस्वाराला ते आधी बुजगावणेच वाटले होते. १२ ऑक्टोबरला रुग्णालयात शेपर्डचा मृत्यू झाला.

इथवरची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. मला अधिक अडवून ठेवले ते त्यानंतरच्या हिशेबाने. लॅरमी ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे, तिथल्या शेरीफच्या, म्हणजे पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयावर या एका तपासाचा आणि खटल्याचा एवढा बोजा पडला की त्यांना पाच कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी पाठवावे लागले. टेक्ससमधल्या जॅस्परला मात्र केंद्र सरकारकडून सुमारे २ लाख ८४ हजार डॉलरची मदत मिळाली. दोन्ही गावे लहान, दोन्ही गुन्हे सारखेच क्रूर, दोन्हीकडचे पोलीस प्रामाणिकपणे काम करणारे. फरक एवढाच की बर्ड यांचा खून वंशद्वेषातून झाला होता आणि वंशद्वेषाचा गुन्हा १९६८ पासून केंद्राच्या कक्षेत येत होता. समलिंगी माणसाचा द्वेष त्या कक्षेत नव्हता. मृताचा कोणता गुण मारेकऱ्याला खुपला, यावर गावाला मिळणारे पैसे ठरले.

लॅरमीच्या तपासाची धुरा वाहणारे पोलीस अधिकारी डेव्ह ओमॅली पुढे वॉशिंग्टनमध्ये जाऊन नव्या कायद्यासाठी लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवत राहिले. समलिंगी लोकांबद्दल आपल्या मनात पूर्वी अढी होती आणि या तपासाने ती मोडली, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. मला या साऱ्या प्रकरणात हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याचे म्हणणे भाषणबाजीचे नव्हते, रोकड्या गरजेचे होते: माणसे कमी आहेत, पैसे संपले आहेत, खटला तर उभा राहिला पाहिजे.

१९६८ चा कायदा कसा होता, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. त्यात वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ एवढीच कारणे होती आणि वर एक चमत्कारिक अट होती. हल्ला झाला तेव्हा पीडित माणूस मतदान करणे, सरकारी शाळेत शिकणे, ज्यूरीत बसणे, सार्वजनिक सोयी वापरणे अशा ठरावीक कामांपैकी काहीतरी करत असला पाहिजे, आणि तो ते करत होता म्हणूनही त्याच्यावर हल्ला झाला असला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर मारले तर केंद्राला हात घालता येईल आणि त्याच माणसाला त्याच्या परसात मारले तर कदाचित येणार नाही. त्या काळी दक्षिणेतल्या शाळांच्या आणि मतदान केंद्रांच्या दारात जे घडत होते, त्यासाठी हे कलम बेतलेले होते. पुढच्या काळाला ते तोकडे पडले.

बदलाचे विधेयक एडवर्ड केनेडी आणि आर्लेन स्पेक्टर यांनी १९९७ सालीच सिनेटमध्ये आणले होते, म्हणजे बर्ड आणि शेपर्ड दोघेही जिवंत असताना. त्याचा कायदा व्हायला बारा वर्षे लागली. कधी एका सभागृहात मंजूर होऊन दुसऱ्यात अडले, कधी संरक्षण खात्याच्या विधेयकाला जोडले जाऊन शेवटच्या वाटाघाटीत गळाले. विरोधकांचा एक आक्षेप असा होता की खून हा खून आहे, मनातल्या विचाराला वेगळी शिक्षा कशाला. दुसरा असा, की फौजदारी गुन्हे पाहणे हे राज्यांचे काम आहे. अखेर २८ ऑक्टोबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केली तीही संरक्षण खात्याच्या वार्षिक विधेयकावरच. रणगाडे, विमाने आणि सैनिकांचे पगार यांच्या शेकडो पानांत हा कायदा पाहुण्यासारखा एका कोपऱ्यात बसला होता. केनेडी त्याआधी दोन महिने वारले.

कायद्याने ती ठरावीक कामांची अट काढून टाकली आणि लिंग, लैंगिक कल, लिंगओळख व अपंगत्व ही कारणे जोडली. मात्र लोक ज्याची चर्चा करतात त्या शिक्षेच्या कलमापेक्षा मला त्यातला मदतीचा भाग अधिक बोलका वाटतो. राज्याच्या, स्थानिक वा आदिवासी यंत्रणेने मागितल्यास केंद्राने तांत्रिक, न्यायवैद्यक आणि खटला चालवण्यासंबंधीची मदत द्यावी. तपासाचा खर्च आवाक्याबाहेर गेला तर एका वर्षासाठी एक लाख डॉलरपर्यंत अनुदान द्यावे, असे त्यात लिहिले आहे. लॅरमीच्या त्या पाच बिनपगारी माणसांचे भूत मला या कलमात दिसते.

आणि केंद्राने स्वतः खटला भरायचा असेल तर त्यावर बांध घातला आहे. राज्याला अधिकारच नाही, किंवा राज्यानेच विनंती केली आहे, किंवा राज्यातल्या निकालाने न्याय उघडपणे अपुरा राहिला आहे, किंवा हा खटला लोकहिताचा आणि न्यायासाठी आवश्यक आहे, यांपैकी काहीतरी अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने लेखी प्रमाणित करावे लागते. थोरल्या भावाने धाकट्याच्या घरात न विचारता शिरू नये, पण धाकट्याने हाक मारली किंवा दारच लावून घेतले तर यावे, अशी ही रचना आहे.

हाक मारल्याचे एक उदाहरण व्हर्जिनियातले आहे. २०१५ साली तिथल्या अ‍ॅमेझॉनच्या गोदामात एका कामगाराने सहकाऱ्याला, तो समलिंगी आहे म्हणून, ठोसे मारले. राज्याच्या द्वेषगुन्ह्याच्या कायद्यात तेव्हा लैंगिक कलाचा समावेश नव्हता; स्थानिक सरकारी वकिलाच्या हाती साध्या मारहाणीचा किरकोळ गुन्हा तेवढा होता. ते प्रकरण केंद्राकडे सोपवले गेले. मग वाद निघाला तो असा की दोन कामगारांच्या मारामारीशी केंद्राचा संबंध काय? वंशद्वेषाच्या बाबतीत केंद्राचा अधिकार गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीतून येतो. बाकीच्या कारणांसाठी मात्र आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा टेकू घ्यावा लागतो. बंदूक दुसऱ्या राज्यातून आली होती, मोटार राज्याची सीमा ओलांडून गेली होती, असे काहीतरी दाखवावे लागते. इथे मार खाणारा माणूस परराज्यांत जाणारे खोके भरत होता. तेवढा धागा पुरेसा आहे, असे अपील न्यायालयाने २०१९ साली ठरवले. माणसाच्या अब्रूची वाट खोक्यांवरून जाते हे वाचून मी हसलो होतो. नंतर वाटले, कायदा असाच सापडेल त्या दोरीला धरून चढत असतो.

दार लावून घेतल्याचे उदाहरण जॉर्जियातले. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रन्सविकजवळ धावायला निघालेल्या अमोद आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाला तीन गोऱ्या माणसांनी मोटारींतून पाठलाग करून गाठले आणि त्यांतल्या एकाने त्याला गोळ्या घातल्या. दोन महिन्यांहून अधिक काळ कोणालाही अटक झाली नाही. चित्रफीत लोकांसमोर आली, तपास राज्याच्या यंत्रणेकडे गेला, तेव्हा अटका झाल्या. राज्याच्या न्यायालयात खुनासाठी दोषी ठरल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये ते तिघे फेडरल न्यायालयातही वंशद्वेषासाठी दोषी ठरले. गंमत अशी की तिथे वापरलेले कलम २००९ चे नव्हते, १९६८ चेच होते. आर्बरी सार्वजनिक रस्त्यावर होता आणि रस्ता वापरण्याचा त्याचा हक्क हिरावला गेला, हा आरोप त्या जुन्या, तोकड्या कलमात चपखल बसला. ज्या अटीला मी वर नावे ठेवली, तिचाच तिथे आधार झाला.

आमच्या न्यू जर्सीला या विषयाचा इतिहास सांगायला परक्याची गरज नाही. १९८७ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीच्या वर्तमानपत्रात एक पत्र छापून आले. भारतीयांना शहरातून हुसकावण्यासाठी आम्ही कोणत्याही थराला जाऊ, दूरध्वनीच्या पुस्तकात पटेल नाव शोधून पत्ते काढतो, असे त्यात लिहिले होते. सही करणाऱ्यांनी स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेतले होते; मराठीत सांगायचे तर टिकलीफोडे. त्या सप्टेंबरात होबोकेनमध्ये नवरोज मोदी या बँकेतल्या अधिकाऱ्याला तरुणांच्या टोळक्याने इतके मारले की चार दिवसांनी तो गेला. तो पारशी होता, पुरुष होता, टिकलीचा प्रश्नच नव्हता. सोबत चालणाऱ्या गोऱ्या मित्राला मात्र कोणी हात लावला नाही. काही जणांना मारहाणीबद्दल शिक्षा झाली. खुनाचा गुन्हा कोणावरही शाबीत झाला नाही. त्याच आठवड्यात एका तरुण भारतीय डॉक्टरला बेशुद्ध होईपर्यंत मारले गेले. त्यासाठी पुढे फेडरल खटलाही उभा राहिला, पण १९९३ साली आरोपी सुटले.

मी इथे आलो तेव्हा आमच्या ओळखीतल्या एक काकू त्या दिवसांबद्दल सांगत. कुंकू लावल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या बाईने त्या वर्षी बसथांब्यावर जाताना कपाळ पुसायला सुरुवात केली आणि ऑफिसात पोचल्यावर प्रसाधनगृहात पुन्हा टिकली लावायची, असा नेम ठेवला. पोलिसांकडे तुम्ही गेलात का, असे मी विचारले होते. "कशाची तक्रार करायची? मला कुणी मारलं थोडंच होतं," असे त्या म्हणाल्या. कोणत्याही कायद्याच्या कोणत्याही चौकोनात बसणार नाही, असे ते नुकसान होते.

हेतू सिद्ध करण्याचा पेच आमच्याच राज्यातून दोनदा वरच्या न्यायालयांत गेला. १९९४ साली व्हाइनलँड गावी एका गोऱ्या माणसाने शेजारी राहायला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या. बंदुकीच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची होती. न्यायाधीशाने स्वतःच द्वेषाचा हेतू ग्राह्य धरून बारा वर्षे दिली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की शिक्षा वाढवणारा असा हेतू ज्यूरीपुढे, शंकेला जागा न ठेवता, सिद्ध व्हायला हवा. पुढे राज्याने नवा कायदा केला आणि त्यात एक निराळे कलम घातले: आपल्याला आपल्या वंशामुळे लक्ष्य केले गेले असे पीडिताला वाजवीपणे वाटले, तरी गुन्हा पुरा होईल. २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. आरोपीला त्याच्या स्वतःच्या मनातल्या हेतूसाठी शिक्षा व्हावी, दुसऱ्याच्या मनात काय उमटले यासाठी नव्हे, असा त्याचा गाभा. निकाल वाचला तेव्हा मला तो न्याय्यच वाटला, आजही वाटतो. तरीही "पण शिवी कळते" हे वाक्य त्या निकालाच्या पानावर कुठे ठेवायचे, हे मला समजत नाही.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटायला नको. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण बोलताना 'अ‍ॅट्रॉसिटी' म्हणतो, तोही केंद्राचाच आहे आणि तोही गावातल्या ठाणेदाराच्या लेखणीवर उभा आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आले. तपास सीबीआयकडे गेला. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी मात्र लावली नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद दिली आणि जातीच्या कारणाबाबतचे मत तेच ठेवले: हा जुन्या भांडणाचा सूड होता. जणू सूड आणि जात ही दोन निरनिराळ्या गावची माणसे आहेत! त्या कायद्याच्या एका महत्त्वाच्या कलमात तेव्हा 'जातीच्या कारणावरून' गुन्हा घडल्याचे सिद्ध करावे लागत असे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तिथे पीडिताची जात 'माहीत असताना' असे शब्द आले. हेतूच्या जागी माहिती आली. मनात काय होते हे शोधण्यापेक्षा काय ठाऊक होते हे शोधणे सोपे असते. अमेरिकेच्या कायद्याने ती वाट धरलेली नाही. तिथे 'कारणामुळे' हा शब्द अजून ठाम उभा आहे.

म्हणूनच ओलेथचा खटला तुलनेने सरळ गेला, असे मला वाटते. तिथे मारेकऱ्याने गोळ्या झाडण्याआधी कुचीभोटला आणि त्याचा भारतीय मित्र या दोघांना त्यांच्या व्हिसाविषयी हटकले होते, माझ्या देशातून चालते व्हा असे तो ओरडला होता आणि ते शब्द इंग्रजी जाणणाऱ्या भरल्या बारने ऐकले होते. राज्याच्या न्यायालयात जन्मठेप झाली, फेडरल न्यायालयातही २०१८ साली जन्मठेप झाली. साक्षीदारांना शब्द कळले होते.

आणि जिथे खटला नीट चालतो तिथेही चौकोन रिकामा राहू शकतो. द्वेषमूलक गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा १९९० सालापासून आहे, पण ती एफबीआयला कळवणे स्थानिक पोलिसांच्या मर्जीवर आहे. २०१२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात हत्याकांड झाले, तेव्हा त्या तक्त्यांत शिखांसाठी वेगळा रकाना नव्हता. तो आणि हिंदूंसाठीचा रकाना २०१५ पासून आला. २०१६ साली टल्सात मारला गेलेला खालिद जबारा आणि २०१७ साली शार्लट्सव्हिलमध्ये मारली गेलेली हेदर हेयर, या दोघांच्या मारेकऱ्यांवर द्वेषगुन्ह्याचे आरोप ठेवले गेले, शिक्षा झाल्या. तरीही ते दोन मृत्यू त्या राष्ट्रीय आकडेवारीत आले नाहीत. २० मे २०२१ रोजी सही झालेल्या कायद्यातला एक भाग त्या दोघांच्या नावाने आहे. त्यातून नोंदी सुधारण्यासाठी, पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी आणि तक्रारीच्या दूरध्वनीसाठी राज्यांना व स्थानिक यंत्रणांना पैसे देण्याची तरतूद झाली. लॅरमीच्या हिशेबाची ही पुढची पाने.

सोड्याचा डबा यांतल्या कोणत्याही फेडरल कलमात बसला नसता, हे मला ठाऊक आहे. २००९ च्या कायद्याला शारीरिक इजा लागते, किंवा हत्याराने ती करण्याचा प्रयत्न तरी लागतो. राज्याच्या कायद्याखालीही त्या मोटारीचा क्रमांक नसताना फारसे काही झाले नसते. एक चौकोन तेवढा भरला गेला असता, आणि वर्षाअखेरीच्या कोणत्यातरी तक्त्यात आमच्या गावापुढचा आकडा एकाने वाढला असता.

पुढच्या वर्षी मी सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करून त्या अहवालाची प्रत मागवली. मजकूर तीन ओळींचा होता: वस्तू फेकली, इजा नाही, काय म्हटले ते पीडितेस समजले नाही, मुलाने भाषांतर केले. चौकोनापुढे 'नाही' अशी खूण होती. त्या रविवारी साताऱ्याला फोन केला तेव्हा मी तो अहवाल आईला मराठीत वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "आणि मी शिवीचं म्हणाले होते, ते कुठंय?"

त्या फॉर्मवर जागा फार कमी असते, असे मी तिला सांगितले.